जाग आल्यास कळवावे

पौषातली सकाळ. वेण्णेच्या काठी दवाचे हिम झाले होते. गवताच्या पात्यापात्यावर हिम, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर हिम, बांधून ठेवलेल्या होड्यांच्या काठांवर हिम. श्वेत, शीतल, निःशब्द. ऊन टेकडीवरून उतरत होते, पण बिचकत, बेताबेताने.

तशीच बेताची पावले टाकीत केळुसकर सर कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले. संशय हा सरांचा स्थायीभाव. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. सरांचे तोंड कधी पोळले नव्हते, तरी ते पाणीसुद्धा फुंकून पीत. निवृत्तीला दोन वर्षे झाली, पण शीतपेटीची एक किल्ली अजून त्यांच्याच खिशात असे.

त्या पेटीत, शून्याखाली वीस अंशांत, बावीस वर्षे एक पुडी निजली होती. जुन्या कुंडाच्या भिंतीवरचे शेवाळ, सावलीत हळूहळू सुकवलेले. सरांच्या पत्नी इंदुमतीबाई याच विभागात शिकवीत. पुडी त्यांनीच बांधलेली. वर त्यांचे तिरके अक्षर: "आत पाणअस्वले. मेली नाहीत, निजली आहेत. जाग आल्यास कळवावे." तेव्हा सर हसले होते. "पुरावा?" एवढेच म्हणाले होते. त्याच उन्हाळ्यात बाई गेल्या, आणि ते हसणे सरांच्या काळजात सलत राहिले.

पाणअस्वल! खसखशीच्या दाण्याहून लहान, अष्टपाद, मंदगती, गुबगुबीत. भोवतीचे पाणी आटू लागले की ते पाय पोटाशी घेते, अंगातले पाणी सोडून देते, इवलीशी कोरडी गोळी होते. अंगात पाणीच उरले नाही, तर गोठणार काय? बर्फाची सुई टोचणार कुठे? न श्वास, न भूक, न स्वप्न. असे ते हिमाला चकवते.

काल रेश्मा ढेबेने, सरांच्या शेवटच्या विद्यार्थिनीने, त्यांच्या परवानगीने अर्धी पुडी भिजवली होती. दुपारी ती धापा टाकत सरांच्या दारात उभी राहिली.

"सर, हलतंय! पाय हलवतंय!"

"रिकामी बशी ठेवली होतीस?"

रेश्माचा चेहरा उतरला. सरांचा दंडकच होता: त्याच बाटलीतले पाणी शेवाळ नसलेल्या दुसऱ्या काचबशीतही घालायचे; तिथे जीव दिसला, तर तो पाण्यातूनच आलेला. उत्साहाच्या भरात नेमकी तीच बशी राहिली होती.

"म्हणजे तुझं अस्वल बाटलीतलंही असेल. नाहीतर म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून कुणी ताजं शेवाळ टाकलं असेल."

"सर, मी तुम्हाला फसवेन?" तिचे डोळे भरून आले.

"तुझं काय घेऊन बसलीस? मी इंदूचंही खरं मानलं नाही."

आणि आज ही उरलेली अर्धी पुडी. ही जागी झाली नाही, तर बाईंचा शब्द कायमचा संशयात राहणार; पुन्हा भिजवायला चिमूटभरही उरणार नव्हते. सरांनी दोन बश्या स्वतः धुतल्या, पाणी स्वतः ओतले. शेवाळ एकीतच घातले; शेजारी उभ्या रेश्माला हात लावू दिला नाही.

दहा वाजले. बारा वाजले. बाहेर हिम वितळले, सरांचा संशय वितळेना. बाटलीचा संशय, भिंगाचा संशय, स्वतःच्या डोळ्यांचा संशय. डबा तसाच राहिला. कोरड्या गोळ्या फुगल्या, लांबट झाल्या, पण निश्चल. सरांना भीती वाटत होती, आणि ती त्यांच्या चेहऱ्यावर उघड दिसत होती.

साडेतीनला शेवाळाच्या पानाआड काहीतरी थरथरले. सरांनी चटकन भिंगावरून डोळा उचलला आणि आधी दुसरी बशी भिंगाखाली घेतली. रिकामी. कोपरान् कोपरा पाहिला. रिकामीच.

"रेश्मा, तू बघ. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे."

ती पहिली बशी भिंगाखाली घेऊन वाकली. "सर, चालतंय. पाय मोजते." तिने भिंग किंचित फिरवले. "आठ."

"पुन्हा मोज."

"आठच आहेत, सर. आणि पलीकडे आणखी एक जागं होतंय."

सरांनी पुडीचा कागद हलकेच उलगडला, सपाट केला. तिरक्या अक्षरांखाली तारीख घातली, सही केली. मग पेन 'कळवावे' या शब्दापाशी थांबले. कळवायचे कुणाला?

"इंदू," ते कागदाकडे बघत म्हणाले, "जाग आली गं. चुकलं माझं."

खिडकीतून उतरते ऊन दोन्ही बश्यांवर आले. एकीत आठ पाय हळूहळू, हळूहळू चालत होते. रिकामी बशी रिकामीच राहिली.