पंपातल्या दोन मुठी

मनिषानं ड्रमात बांबू फिरवावा, पाणी गरगर फिरत काळंभोर व्हावं आणि त्याच्याच लयीत तिची ओवी उठावी:

ढवळीते बाई पाणी, रंग त्याचा काजळाचा
माझ्या वांग्याच्या झाडाला घोट माझ्या गं मायेचा

कुजलेलं खत गोणपाटात बांधून दोन दिवस पाण्यात लोंबतं ठेवायचं, दिवसातून तीनदा ढवळायचं, जुन्या लुगड्यातून गाळायचं आणि उन्हं चढायच्या आत पानांवर फवारायचं. पिंगळीच्या आमच्या दहा गुंठे वांग्यांवर माझ्या बायकोनं हे सुरू केलं, तेव्हा बांधावरून गावातला बन्सीधर ओरडला, "वहिनी, झाडाला चहा पाजायल्या व्हय? मग बिस्कुट बी द्या की!"

ती हसली. पण दोन फवारण्या झाल्या तरी पानं होती तशीच राहिली, आणि तिची ओवी थांबली. ते मला सोसलं नाही. तिसऱ्या फवारणीला ती घरात गेलेली बघून मी पंपात दोन मुठी युरिया टाकला. पंप माझ्याच पाठीवर असायचा. कुणाला कळणार?

आठ दिवसांत वांगी हिरवीगार झाली. मग दर फवारणीला दोन मुठी. मनिषाचा गळा मोकळा झाला, आणि माझ्या गळ्याखाली घास उतरेना. गावातल्या बाया बघायला यायच्या, कृती ऐकून जायच्या. ताडकळसच्या बचत गटानं तर तिला बोलावणंच धाडलं: सोमवारी या, समद्यांना शिकवा.

रविवारी सकाळी केशरबाई आली. आमच्या शेजारच्या शेतातली, एकटीच राबणारी म्हातारी. हातात वांग्याची फांदी, पानं पिवळी पडलेली.

"मनिषा, तू सांगितलं तसंच केलं गं. दुकानातलं वरखत बंद केलं, नुसतं हेच फवारलं. तुझं बघ आन माझं बघ."

"मावशी, दोन दिवस भिजवलं व्हतं का?"

"भिजवलं."

"तीनदा ढवळलं?"

केशरबाईनं तळहात उघडले. रेघारेघांत काळं पाणी मुरलेलं. "ढवळलं माय. पण पहिल्यासारखा जोर कुठून आणू? माझ्याच हाताला गुण न्हाई."

"तसं नका म्हणू. माझंच सांगायला चुकलं असंल."

दोघी एकमेकींची चूक आपल्या पदरात घ्यायल्या होत्या, आणि खरी चूक हौदापाशी बसून पंप धुवायली होती.

"मावशी," मी म्हणालो, "हात चांगलाय तुमचा. मी युरिया टाकत होतो."

"कशात?" मनिषानं विचारलं.

"पंपात. तिसऱ्या फवारणीपासून."

"कशापायी?"

"तू गायची थांबली होतीस."

"अगं बया!" केशरबाई म्हणाली, "बायकोच्या गाण्यापायी माझी वांगी वाळवली की रं, सिद्धोधन!"

मनिषा हसली नाही. "गाणं थांबलं तर थांबलं असतं," ती हळू बोलली. "माझ्या औषधाला किती जोर हाय, ते तरी मला कळलं असतं. तुमी तेच घेतलं माझ्याकडून."

मी पंप उपडा करून ठेवला.

"उद्या ताडकळसला तुमी बी यायचं. हे तुमच्या तोंडानं सांगायचं." मग ती केशरबाईकडं वळली. "मावशी, माझं ऐकून आणखी कुणी वरखत बंद केलंय?"

केशरबाई बोटांवर मोजायला लागली. "मालनबाईनं. कडूबाईनं. दत्तरावाच्या सुनेनं..."

चौथं नाव यायच्या आत मी पायात चपला घातल्या.