डावी सीट

"अहो, अजून किती वेळ बसवणार आहात? मी काय गणपतीची मूर्ती आहे?" डाव्या सीटवरून सुनंदाबाई करवादल्या.

"हलू नकोस गं! झालंच," गाडीखालच्या खड्ड्यातून पद्माकर ओरडले. झालं मात्र काहीच नव्हतं.

विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ एरवी थंड डोक्याचा, पण आज त्याचा जीव टांगणीला लागला होता. उद्या देवनहळ्ळीला लेकीच्या, शमिकाच्या, नव्या घराची वास्तुशांत. "ती जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी आणली ती आपल्या लाल गाडीतून. तिच्या दारात मी त्याच गाडीतून उतरणार," असा सुनंदाबाईंचा हट्ट. आता ती गाडी म्हणजे दोन सीटची, बिनछपराची, जुनी विलायती स्पोर्ट्स कार. मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसलेले, प्रत्येक गतिरोधकावर बूड आपटायचं. आणि बाईंच्या पोटातली गाठ काढून वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्या पोटाला हिसका बसला तर? म्हणून पद्माकरांनी मागचे दोन्ही पाटे नवे घातले.

ह्या पाट्यांचे लाड फार. त्यांच्या टोकांना रबरी बुश असतात, आणि त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळून चालत नाही. रबर पिळून राहतं, गाडी ताठरते. चाकं जमिनीवर आणि माणसं सीटवर हवीत, मगच पाना फिरवायचा. म्हणून ह्या घरचा रिवाज ठरलेला होता: डावीकडे सुनंदाबाई, स्टीअरिंगपाशी पद्माकरांच्याच अंगापिंडाचा त्यांचा जुना दोस्त रघुजी, आणि पद्माकर खाली. उंची बघायला त्यांनी पूर्वी एक सागवानी ठोकळा तासला होता, तोही ह्याच दोघांना बसवून. चाकांचा आक्सल आणि वरची चौकट ह्यांच्या मधे तो अलगद अडकला की समजायचं, गाडी बरोबर बसली.

उजवीकडे तो अडकला. डावीकडे सरकवला, तर टपकन खाली पडला.

पद्माकरांना घाम फुटला. सकाळच्या घाईत डावा बोल्ट जॅकवरच आवळला की काय? जन्मभर पोराटोरांना ह्याच चुकीवरून झापलं आणि आज आपणच! त्यांनी सगळे बोल्ट पुन्हा सैल केले, रघुजीला गाडी हलवायला लावली, ठोकळा पुसून परत लावला. ठोकळा परत खाली.

"अण्णा, पाटाच खोटा दिलाय तुला दुकानदाराने," रघुजी म्हणाला. बंगळुरात तीन पिढ्या काढलेल्या रघुजीला सगळेच दुकानदार चोर वाटत.

"असं करा, दोघं स्वल्प जागा बदला," पद्माकर खालून म्हणाले.

"अय्यो, आता संगीतखुर्ची!" सुनंदाबाई कुरकुरत उतरल्या आणि स्टीअरिंगपाशी जाऊन बसल्या. रघुजी डावीकडे आला.

डावीकडे ठोकळा चपखल बसला. "बसला रे बसला!" पद्माकर हरखून ओरडले आणि उजवीकडे वळले. मघाशी तिथे घट्ट बसलेला ठोकळा आता सैल होऊन खाली आला.

पद्माकर ठोकळा हातात धरून उभे राहिले. पाटे चांगले होते. ठोकळाही तोच होता. ज्या बाजूला बाई बसत, तीच बाजू वर राहत होती.

मग एकेक आठवायला लागलं. बिघडलाय म्हणून बाईंनी वजनकाटा कामवालीला देऊन टाकला होता. शिंप्याने ढगळ शिवले म्हणत सगळ्या ब्लाऊजना टीप मारली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन उतरायला लागलं तर त्याच दिवशी या. आणि आपण विचारलं की हिचं एकच, मी ठणठणीत आहे! आपणही मान डोलावून गाडीत डोकं खुपसत होतो.

"पुन्हा आपापल्या जागी बसा," ते म्हणाले. मग चारचौघांत कधी घेत नसत ते नाव त्यांनी घेतलं. "सुनंदा, किती उतरलंय वजन?"

रघुजीला सगळं समजलं असावं. तो खाली मान घालून स्टीअरिंगवरची धूळ पुसत राहिला.

"उद्याचं होऊ दे ना हो," बाई म्हणाल्या. "पोरीच्या घरचं कार्य आहे. नंतर सांगणारच होते."

"कधीपासून?"

"आंबे होते तेव्हापासून."

"मला भीती वाटते गं."

"मग मला नाही वाटत?"

पद्माकरांनी बाही डोळ्यांवरून फिरवली, तर तोंडाला ग्रीस लागलं. "कार्य होऊ दे. पण तिथून थेट दवाखान्यात. जेवणाला थांबायचं नाही."

"सरी, बरं," बाई पोरीसारख्या म्हणाल्या. मग, "माझ्या पायाशी तांदळाची गोणी ठेवा की. बसेल तुमचा ठोकळा."

"नको. तू आहेस तशीच बस."

त्यांनी ठोकळा खड्ड्याच्या काठावर ठेवून दिला आणि बोल्टला पाना लावला. वर सुनंदाबाईंनी पदर सारखा केला, हात मांडीवर घेतले, आणि पाना फिरायचा थांबेपर्यंत त्या जराही हलल्या नाहीत.