बायपासची दांडी

आजोबांनी जन्मभर विहिरी खणल्या. गावात त्यांना ‘बारा हात’ म्हणत, कारण पाणी किती खोल लागेल असं कुणीही विचारलं की ते डोळे बारीक करून बारा हात सांगत, आणि मग निवांत वीस हात खणत. चाळीसेक विहिरी झाल्या असतील. घरामागची विहीर मात्र त्यांनी स्वतःसाठी खणली होती आणि तिच्या पाण्याचं कौतुक ते लेकराच्या कौतुकासारखं करत. त्यामुळे नात जन्मली आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंनी घरचं पाणी तपासून घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. तपासणीचा कागद आला तेव्हा त्यांना रागच आला. आजूबाजूच्या शेतांतलं खत झिरपून विहिरीत उतरलं होतं आणि पाण्यात नायट्रेट सुरक्षित मर्यादेच्या तिप्पट निघालं होतं.

“मोठ्यांना यात फारशी भीती नाही,” मुलाने बोलावलेला फिटर म्हणाला, “पण तान्ह्या बाळाच्या रक्तात हे गेलं तर बाळ निळं पडतं.” मग त्याने पंपघरात माणसाच्या उंचीची फिल्टरची निळी टाकी उभी केली. विहिरीचं सगळं पाणी आता त्या टाकीतून गाळून घरात यायचं, न्हाणीघरापासून स्वयंपाकघरापर्यंत. शेजारी एक लाल दांडी होती. टाकी दुरुस्तीला काढली तर पाणी अडू नये म्हणून ती बायपासची दांडी. ती आडवी केली की पाणी टाकीला टाळून थेट घरात शिरायचं.

“आजोबा, तुम्हाला विहिरीचंच पाणी आवडत असेल तर टाकीच्या आधी एक वेगळा नळ काढून देऊ का? पाच मिनिटांचं काम आहे,” फिटरने विचारलं.

“माझ्याच विहिरीचं पाणी मी चोरट्या नळाने पिऊ होय? काही नको,” आजोबा म्हणाले. म्हातारपणी माणूस कशावर अडून बसेल याचा नेम नसतो.

त्यांना ते गाळलेलं पाणी घशाखाली उतरेना. मेलेलं पाणी, असं ते मनातल्या मनात म्हणत. विहिरीवर काँक्रीटचं झाकण होतं, आत मोटर सोडलेली होती, तेव्हा बादली टाकायचीही सोय नव्हती. मग रोज दहाच्या सुमारास, मुलगा कामावर गेला आणि सून बाळाला निजवायला आत वळली की आजोबा पंपघरात जात. दांडी आडवी करायची, न्हाणीघरातला नळ थोडा वेळ सोडायचा, आपला तांब्या भरायचा, दांडी पुन्हा उभी करायची आणि नळीतलं कच्चं पाणी निघून जाईतो नळ परत वाहू द्यायचा. दीड महिना हे बिनबोभाट चाललं. आपण काही पाप करतो आहोत असं त्यांना कधीच वाटलं नाही, आणि खरं तर तोवर ते पापही नव्हतं.

एका सोमवारी ते तांब्या भरत असतानाच कुंपणापाशी गावातल्या एका शेतकऱ्याने हाक मारली. त्याची विहीर आटली होती, अजून खोल जावं की दुसरी जागा बघावी, हे त्याला विचारायचं होतं. कितीतरी दिवसांनी कुणी आपला सल्ला मागतंय म्हटल्यावर आजोबा खुलले. दोन तास त्याच्या रानात हिंडले, जेवायला उशिरा आले आणि समाधानाने झोपले. मंगळवारी थंडी वाजून ताप भरला. शुक्रवारपर्यंत ते अंथरुणातच होते.

शनिवारी सकाळी बाळाचे ओठ निळसर दिसले. दुपारी नखं निळी झाली आणि ते रडायचंही थांबलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. सुनेला दूध पुरत नव्हतं, म्हणून ती पावडरचं दूध कालवून देत होती.

“फिल्टरचंच पाणी वापरते,” ती म्हणाली, “आणि ते सुद्धा दहा मिनिटं उकळून.”

“उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट जात नाही. पाणी आटलं की उलट ते जास्त दाट होतं.”

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला.  बाकावर बसलेल्या आजोबांना त्या क्षणी ती दांडी आठवली, सोमवारी आडवीच राहिलेली.

बाळ वाचलं. पण रक्तात प्राणवायू फार वेळ कमी पडला होता, मेंदूला किती इजा झाली हे बाळ बसायला, चालायला लागेल तेव्हाच कळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चौथ्या दिवशी सुनेची आई बाळापाशी थांबली आणि मुलगा, सून आणि आजोबा घरी आले. मुलाने फिटरला बोलावून घेतलं होतं. त्याला फैलावर घ्यायचं असं मुलाने ठरवलंच होतं.

फिटरने पंपघरात नुसतं डोकावलं. “टाकीचा काही दोष नाही. दांडी आडवी आहे. पाणी टाकीतून जातच नाहीये. कुणी फिरवली?”

 आजोबांचे शब्द ओठांपर्यंत आले होते. आता सांगायचं, असं ते स्वतःला बजावत होते.

“मी इथलं पुसते अधूनमधून,” सून म्हणाली. “माझाच हात लागला असेल.”

“वहिनी, ही दांडी धक्क्याने फिरत नाही. जोर लावावा लागतो.”

“मी जोर लावूनच पुसते,” ती म्हणाली.

आजोबा मूग गिळून उभे राहिले. मुलाने फिटरची माफी मागितली. बायकोला तो काहीच बोलला नाही. त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं आजोबांना वाटलं.

बाळ घरी आलं तेव्हा सून बाटलीला हात लावेना. पाणी मुलाने बाहेरून आणायचं, दूध त्यानेच कालवायचं. ती दाराशी उभी राहून चमचे मोजायची आणि तिचे हात पदरात गुंडाळलेले असायचे. ते हात बघून आजोबांना अन्न गोड लागेना. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी मुलाला अंगणात गाठलं.

“दांडी मी फिरवली होती,” ते म्हणाले. “रोजच फिरवायचो, माझ्या पाण्यासाठी. त्या सोमवारी विसरलो. तिचा काही संबंध नाही.”

 मुलाचे डोळे भरून आले.

“बाबा, तुम्ही तर तो सगळा आठवडा तापाने अंथरुणात होतात. तिला वाचवायला तुम्ही हे अंगावर घेताय, कळतंय मला.”

“अरे, खरं सांगतोय मी.”

“बास आता. तुम्ही एवढं म्हणालात, यातच सगळं आलं.”

आजोबांना अजून बोलता आलं असतं. तो तांब्या, ती हाक, ते दोन तास, सगळं सांगता आलं असतं. ते बोलले नाहीत. आपल्याला हलकं वाटतंय हे त्यांना कळलं आणि त्याची त्यांना किळस आली.

बाबा तिच्यासाठी दोष अंगावर घेताहेत, असं मुलाने आत जाऊन बायकोला सांगितलं असावं. थोड्या वेळाने ती बाळाला घेऊन अंगणात आली. रडून तिचा चेहरा सुजला होता. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदाच कुणाच्या डोळ्यांत बघत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “यापुढे हिचं दूधपाणी तुम्हीच बघा. माझ्या हातांचा मला भरवसा उरला नाही, तुमचा आहे.”

आजोबांनी हात पुढे केले आणि बाळाला घेतलं.