छोटीचा कच्चा आवाज

मी एक हेडफोन. दुसऱ्यांचं ऐकण्यात सगळा जन्म गेला; आता जरा माझंही ऐकून घ्या.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. खोक्यातून निघालो तो थेट एडिटिंगच्या खोलीत. खिडकीला काळा पडदा, हाडं गारठवणारा एसी आणि दोन खुर्च्या. मोठी एडिटरदादांची. भिंतीकडची, एक चाक मोडलेली, ती छोटीची. मी छोटीच्या वाट्याला आलो.

छोटी म्हणजे असिस्टंट. कामाला लागली तेव्हा सगळ्यांत लहान, म्हणून छोटी. पुढे केस पांढरे व्हायला लागले तरी नाव तेच. आलेलं शूटिंग उतरवून घ्यायचं, चित्राला आवाज जुळवायचा, दादा मागतील तो तुकडा हाताशी ठेवायचा. कापायचं मात्र दादांनी.

"दादा, एखादा सीन मला द्या ना."

"देतो गं. हा सिनेमा पार पडू दे, पुढचा अख्खा तूच काप. मी नुसता चहा पीत बसेन."

असं ते नेहमीच म्हणायचे. पण या खेपेला निर्मात्याच्या देखत म्हणाले, तेव्हा तिचे कान तापलेले मला कळले.

या सिनेमात नायिका घर सोडून जाते. तिची पाठ दिसते आणि एक वाक्य ऐकू येतं. ते शूटिंगमध्ये नीट आलंच नव्हतं. अशा वेळी असिस्टंट आपल्याच आवाजात बोलून तात्पुरतं बसवते. नटीचा पक्का आवाज आला की कच्चा काढून टाकायचा. छोटी माईकशी तोंड नेऊन म्हणाली, "आई, दार ओढून घे. मी निघते."

तोच सीन दिवसभर मागे-पुढे चालायचा. सगळ्यांचे कान त्याला सरावले, माझेसुद्धा. पक्का आवाज आला, छोटीने जपून ठेवला, आणि बदलायचा विसरली.

सिनेमा लागला. नटी पहिल्याच खेळाला भडकली.

"अगं, असिस्टंटचं काम तरी काय?" दादा म्हणाले. "कच्चं काढून पक्कं घालायचं! आता निर्मात्याला कुठल्या तोंडानं सांगू, हिला सिनेमा द्या म्हणून?"

"हं," छोटी म्हणाली.

मी तिच्या गळ्यातच होतो. हुंदका आला असता तर मला कळला असता. काही आलं नाही.

पुढचा सिनेमा दादांनीच कापायला घेतला. चहा छोटीने आणला.

मग एकदा दुपारी तिच्या आईचा फोन आला. छोटीने मलाच लावला, म्हणून सगळं ऐकलं. आता कान लावून बसणं हा माझा धंदाच, त्याला काय करणार!

"अगं, मावशीला घेऊन तुझा सिनेमा बघून आले. नावं इतकी भराभर पळाली, तुझं सापडलंच नाही बाई. पण ते दार ओढ म्हणणारी तूच ना गं? मावशी म्हणते, छे, ती नटी. म्हटलं, रोज सकाळी ऐकते मी ते, मला नको शिकवूस."

"चूक होती ती, आई."

"असू दे. थेटरात बसल्या जागी माझा हात उठला की दाराकडे!"

"हं. ठेवते, काम आहे."

हल्ली माझी डावी बाजू गेली आहे, दांडीला चिकटपट्टी आहे. छोटी मला घालते आणि पुष्कळदा काहीच लावत नाही. लोकांना वाटतं कामात आहे. कुणी हाक मारत नाही. मीही गप्प बसून राहतो.

छोटे, उजवी बाजू बंद पडायच्या आत एवढं कर. ते वाक्य एकदा लाव. आईनं ऐकलं तसं ऐक. मग खुशाल टाक मला खोक्यात.