हलक्या पायाचं वाह पेडल

सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या मुलांना एक शहाणपण फार लवकर येतं: भिंतीला खिळा ठोकायचा नाही आणि माणसाला जीव लावायचा नाही. बदलीची ऑर्डर कधी येईल, नेम नाही. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या रुचिताने तर हे शहाणपण कोळून प्यायलं होतं. ती बँडमध्ये कीबोर्ड वाजवायची, उन्मेष गिटार. त्याच्यावर जीव जडून वर्षं लोटली, तरी बाबांची बदली आज होते की उद्या, या धास्तीने बाईसाहेब तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्या. कुणी पुढचं काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "माझं काय, मी तर निघालेच आहे."

बदली मेली आलीच नाही. बाबा दिल्लीतूनच रिटायर झाले, नोएडात फ्लॅट घेतला. त्याच आठवड्यात उन्मेषचा फोन आला, "दर्यागंजला येशील? स्वस्तातलं वाह पेडल घ्यायचंय. तुझ्याशिवाय नाही जमणार, यार."

आजच बोलायचं, असं ठरवून ती निघाली. मेट्रोत तिने वाक्यसुद्धा घोकलं.

वाह पेडल म्हणजे पायाने पुढे-मागे झुलवायचं यंत्र. त्याने गिटारचा सूर माणसाच्या तोंडासारखा उघडतो, मिटतो. वाद्यांच्या दुकानात उन्मेष स्टुलावर बसून वाजवणार आणि रुचिताने पाय हलवायचा, असं ठरलं. पहिलं पेडल सगळ्यात स्वस्त, पण बंद केल्यावरही गिटारचा आवाज दबलेलाच राहायचा. दुसऱ्यात नुसती खरखर. तिसरं सेकंडहँड, रंग उडालेलं; पण पाय टेकवला की सूर अलगद मोकळा व्हायचा.

"हेच घे," ती आनंदाने म्हणाली.

"पायाला जड नाही ना जात? नीट सांग हं. कृतिकाचा पाय तुझ्याएवढाच आहे, म्हणून तर तुला बोलावलं."

कृतिका उन्मेषकडे गिटार शिकायला यायची, एवढंच रुचिताला ठाऊक होतं.

"कृतिकासाठी घेतोयस?"

"अगं, रविवारी साखरपुडा आहे आमचा. आज सांगणारच होतो. तिला सरप्राइज द्यायचंय."

रुचिताचं घोकलेलं वाक्य वाया गेलं. तरी पाय आपला झुलत राहिला.

"खरं सांगू?" सूर छेडत उन्मेष हसला. "आधी मला तूच आवडायचीस. पण तू कायमची निघालेली! म्हटलं, जाणाऱ्या माणसाला कशाला अडवायचं?"

दुकानात बसकण मारून भोकाड पसरावं, असं तिला वाटलं. त्या बदलीचा राग आला, स्वतःचा तर फारच आला. कुणीही न मागितलेला समजूतदारपणा तिने केवढ्या निष्ठेने सांभाळला होता!

"उन्मेष, बाबा रिटायर झाले," ती म्हणाली. "मी आता कुठेच जाणार नाहीये."

तारांवरचा त्याचा हात थांबला. त्याने वर पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं त्याला कळलं. मग त्याने गिटारची वायर हळूच काढली.

"भैया," तो दुकानदाराला म्हणाला, "यही वाला पैक कर दो."

दुकानदार खोका घेऊन आला आणि रुचिताने पाय उचलायची वाट बघत उभा राहिला.