जाड-बारीक-जाड-जाड

पीएच.डी.चा विषय निवडताना माणसाला कुणीतरी धरून ठेवायला हवं. मला कुणी धरलं नाही. म्हणून मी कोबाल्ट आणि तांब्याचे थर एकावर एक चढवून फिल्म बनवते. त्यात तांब्याचे जाड-बारीक थर एका नियमानेच येतात, पण नक्षी कधी जशीच्या तशी पुन्हा येत नाही: जाड-बारीक-जाड-जाड-बारीक. अशा फिल्मचं चुंबकत्व साध्या, एकाआड एक जाड-बारीक थरांच्या फिल्मपेक्षा वेगळं वागतं, हा माझा दावा.

दोन वर्षांत एकोणीस फिल्म झाल्या. प्रत्येकीचा आलेख पुस्तकातल्या साध्या फिल्मसारखाच गुळगुळीत. आमचे गाइड वैरागकर सर म्हणाले, "उत्कर्षा, शुक्रवारपर्यंत फरक दाखव, नाहीतर विषय बदल." म्हणजे पुन्हा श्रीगणेशा! मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

दर फिल्मच्या वेळी, बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल घ्यायला जाताना मी क्रमाची चिठ्ठी आमचे अटेंडंट नरसय्या मामांकडे देते. ते पट्टी द्रावणात बुडवून थर चढवतात. लॅबमध्ये येण्याआधी त्यांनी तीस वर्षं मागावर चादरी विणल्या, त्यामुळे हात एकदम पक्का. बुधवारी प्रॅक्टिकल लवकर आटोपलं आणि मी परतले, तर मामा पुटपुटत होते, "जाड, बारीक. जाड, बारीक."

"मामा, इथं दोनदा जाड लिहिलंय ना!"

मामांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, तुमी दरवेळी चुकीचं लिवता की. नक्षी बसतच न्हाई. मी दरवेळी दुरुस्त करतो. सरांना एका शब्दानं बोललो न्हाई. म्हटलं, शिकायलेत अजून."

मामांचा गळा धरावा की पाय, मला कळेना. "चिठ्ठीत आहे तस्संच करा!" मी ओरडले. त्यांनी नवी पट्टी घेऊन केलं, पण दोनदा जाड आलं की डोळे मिटून "अय्यय्यो" म्हणत.

गुरुवारी आलेखात तीन स्वच्छ पायऱ्या उमटल्या. मी लॅबभर नाचले.

शुक्रवारी सरांनी दोनदा आलेख बघितला. "फरक आहे, मान्य. पण पुस्तकाशी तुलना चालायची नाही. याच लॅबमधल्या, याच हातच्या साध्या फिल्म हव्यात. त्यात वर्ष जाईल तुझं."

"तयार आहेत, सर. एकोणीस."

"कधी केल्यास?"

"मामांनी केल्या. माझ्या चुका सुधारून."

दारातून मामा कळवळून म्हणाले, "कशाला सांगितलं की मॅडम! मी दोन वर्षं झाकून ठिवलं होतं!"