फाडलेलं पान

एकोणीसशे छप्पन साली हे घडलं. सुमात्रातल्या टोबा तळ्याच्या काठावर तेव्हा अजून विजेचे खांब आले नव्हते आणि सगळं ख्रिस्ती गाव एकाच घंटेवर देवळात जमायचं.

लामरियाचा धाकटा दीर वारून दोन वर्षं झाली होती. त्याची बायको तिओमिनार पोराला घेऊन माहेरी गेली, त्या आठवड्यात लामरियाने नवऱ्याला, मारुलाकला, टोचून टोचून भाताचा बांध तिच्या शेतात दोन हात पुढे सरकवायला लावला. हद्दीवरचं लाल पानांचं झुडूप तिने स्वतः उपटून पलीकडे लावलं. तिओमिनार परत आली, बांधावर उभी राहून बघत राहिली आणि घरात गेली.

मारुलाक चर्चच्या मंडळीतला वडील, म्हणजे तिच्या पंचांपैकी एक. कोणत्या रविवारी कोणतं वचन वाचायचं ते मंडळीच्या छापील पंचांगात आधीच ठरलेलं असे. गुरुवारी वडिलांची बैठक आटोपून तो आला, तो जेवलाच नाही.

"या रविवारी वाचायची पाळी माझी आहे," तो म्हणाला. "हद्द सरकवणाऱ्याला शाप आहे, ते वचन."

"दुसरं काही वाचा."

"पंचांग काय मी छापतो?"

शनिवारी तो तळ्यावर गेल्यावर लामरियाने त्याचं पवित्र शास्त्र उघडलं, ते पान फाडलं आणि चुलीत घातलं. पान नाही म्हटल्यावर काही कारण सांगता येईल, असा तिचा हिशेब. पण कागद काळा पडत होता तसे तिचे ओठ आपोआप हलत होते. लहानपणी मंडळीत घेण्याआधी ते वचन सगळ्यांकडून पाठ करून घेत. ती घाईने उठून भांडी घासायला लागली.

रविवारी मारुलाक वाचायला उभा राहिला. पान उलटलं, पुन्हा मागे उलटलं. मग त्याने बायकांच्या बाकांकडे पाहिलं. लामरियाने मान खाली घातली.

शेजारी बसलेल्या मंडळीच्या दुसऱ्या म्हाताऱ्या वडिलांनी आपलं पुस्तक पुढे केलं. "हे घे रे."

"नको, बाबा."

त्याने पुस्तक मिटलं आणि म्हणायला लागला. एक शब्द चुकला नाही. एकेका शापानंतर सगळ्या लोकांनी आमेन म्हणायचं, असं त्या वचनातच आहे. हद्दीचा शापही त्याने पुरता म्हटला. मंडळी आमेन म्हणाली. लामरियाच्या मागच्याच बाकावर तिओमिनार बसली होती, तीही हळूच म्हणाली. लामरियाच्या तोंडून शब्द फुटेना.

बाहेर पान चघळत उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीने विचारलंच, "काय गं लामरिया, घसा बसला का आज?"

दुसरी म्हणाली, "थंडी बाधली असेल. बांधावर फार वेळ उभी असते ना."

घरी जाताना मारुलाक पुढे चालत होता. "पान तू फाडलंस?"

"हो. वाटलं, पाठ केलेलं तुम्ही विसरला असाल."

"मलाही तसंच वाटत होतं," तो म्हणाला.

सोमवारी भर उजेडात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, दोघांनी बांध मागे घेतला. लामरिया झुडूप उपटायला वाकली तेव्हा तिओमिनार आली.

"राहू द्या, जाऊबाई. ते मी लावते."

त्या "जाऊबाई"ने लामरियाला जे मेल्याहून मेल्यासारखं झालं, ते बायकांच्या टोमण्यांनी झालं नव्हतं.

मारुलाकने वडीलपण आपणहून सोडलं. पुढची नऊ वर्षं तो शेवटच्या बाकावर बसायचा. तिथूनच एका पावसाळ्यात त्याचा देह उचलून घरी आणला. तिओमिनारचा मुलगा मेदान शहरात शिक्षक झाला आणि आईला घेऊन गेला. लामरिया पुष्कळ जगली. तिओमिनार वारल्याचं कळलं तेव्हा ती मेदानच्या बसमध्ये बसली खरी, पण तिथे कोणत्या तोंडाने जायचं, असं वाटून पहिल्याच थांब्यावर उतरून चालत परत आली.